आधी कुंकू, मग स्टिकर

माझी आई माझ्याकडे राहते, नाशिकरोडला, आणि माझा धाकटा भाऊ कॅनडात राहतो. तरीही आमच्या घरात दिवसभर नाव निघतं ते त्याचं. दूध उतू गेलं तरी आईला तोच आठवतो, कारण त्याला साय आवडायची. माझे नवरोबा म्हणतात, ह्यात रागावण्यासारखं काय आहे? ते एकुलते एक आहेत. हे दुखणं त्यांना कधी झालेलं नाही आणि होणारही नाही.

आईच्या गोळ्या मी आणते, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी नेते, तिच्या चपलेचा पट्टा तुटला तर चांभाराकडे मी जाते. ह्याबद्दल तिनं माझी आरती ओवाळावी असं माझं म्हणणं नाही. पण शेजारणी आल्या की ती त्यांना सांगते, “माझा पोरगा लय काळजी घेतो माझी, दर रविवारी फोन करतो.” मी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी असते.

गेल्या हिवाळ्यात ह्या पोरानं स्नोमोबाइल घेतली. म्हणजे बर्फावर चालवायची गाडी. पुढे चाकांच्या जागी दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्याला असतो तसला रबरी पट्टा, आणि मधे मोटारसायकलीसारखं बसायचं. त्याच्या घरामागे म्हणे बर्फ पडलं की मैलोन्‌मैल पांढरं माळरान होतं, आणि तिथे सगळे ही गाडी काढतात. फोनवर त्यानं आईला गाडीचा फोटो दाखवला, तर आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “चाकं कुठं गेली रे हिची?” तो खळखळून हसला. तीही हसली. मी फोन धरून उभी होते. हाच प्रश्न मी विचारला असता तर तिनं मला, चष्मा लावून बघ जरा, असं सांगितलं असतं.

आमच्याकडे नव्या गाडीला कुंकू लावल्याशिवाय ती रस्त्यावर काढायची नाही, असा नेम आहे. सायकल असो की ट्रॅक्टर. हे आईच्या माहेरचं, चांदवडकडचं. तिकडे तर नव्या पंपालाही हळदकुंकू लागतं. म्हणून पुढच्या रविवारी गाडीची पूजा फोनवर करायची असं ठरलं. आपल्याकडे सकाळ तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असते. आई सातलाच अंघोळ करून, मोरपंखी इरकल नेसून सोफ्यावर बसली. अंबाडा घातलेला, त्याला अबोलीचा गजरा. गजरा तिनं आदल्या संध्याकाळी माझ्याकडूनच मागवून घेतला होता.

इथे मला एक सांगितलंच पाहिजे. गेल्या दसऱ्याला मी नवीन स्कूटर घेतली. माझ्या पगारातून, माझ्या आवडीचा रंग निवडून. पार्किंगमध्ये झेंडूचा हार मी घातला, लिंबू मी ठेवलं, कुंकूही मीच लावलं. आईचे गुडघे दुखत होते. तिनं खिडकीतून खाली पाहिलं आणि विचारलं, “ॲव्हरेज किती देते?” आणि ह्या बर्फावरच्या गाडीसाठी इरकल.

फोन लागला. भाऊ गॅरेजमध्ये उभा होता, अंगात गोधडीएवढं जाकीट, कानावर टोपी. तोंडातून वाफ येत होती. गाडी काळी-पिवळी, चकचकीत. मला मान्य आहे, सुंदर होती. त्यानं कॅमेऱ्यापुढे दोन मोठे स्टिकर धरले. त्यावर गाडीचा नोंदणी नंबर छापलेला होता. शिवाय वर्षाचा म्हणून एक बारका स्टिकर वेगळा.

“आई, हिला नंबरप्लेट नसते,” तो म्हणाला. “हे स्टिकरच तिची नंबरप्लेट. पुढच्या कव्हरवर दोन्ही बाजूंना लावायचे, लांबून वाचता येतील असे. पण नेमके वर लावायचे की खाली, पुढे की मागे, ते आपण बघायचं. तू सांग, कुठे लावू?”

हे त्याचं कसब आहे. स्वतःचं घर, मोठी नोकरी, हाताखाली माणसं, आणि स्टिकर कुठे लावू हे सात समुद्रापलीकडून आईला विचारतो. मी कधी काही विचारत नाही. मी करून टाकते. आणि म्हणूनच आईचा चेहरा त्याच्यासाठी असा उजळतो आणि माझ्यासाठी उजळत नाही, हे मला कळतं. कळून उपयोग काय, पोटात दुखायचं ते दुखतंच.

आई सरसावून बसली. “ह्यांच्यासारखं लाव,” ती म्हणाली. हे म्हणजे आमचे बाबा, आता नाहीत ते. “तुला काय सांगायचं? तूच तर असायचा त्यांच्या हाताखाली.”

आणि माझा भाऊ म्हणाला, “हो ना.”

मी फोन टाकून देणार होते.

बाबा ओझरच्या विमान कारखान्यात होते, रंगकाम विभागात. विमान रंगवून झालं की त्यावर नंबर, खुणा, इथे पाय ठेवू नका वगैरे सूचना लावायच्या असतात. काही रंगानं काढायच्या, काही कागदावरून उतरवायच्या. हे उतरवण्याचं काम बाबांच्या हातात फार बसलेलं होतं. त्यामुळे रविवारी आमच्या क्वार्टरपुढे कायम कुणाची तरी स्कूटर उभी असायची. कुणाला नंबरप्लेटवर अक्षरं लावून हवी असायची, कुणाला हेडलाइटवर देवीचं नाव, कुणाला डिकीवर मुलांची नावं. बाबा पैसे घेत नसत. चहा घेत.

आणि त्यांच्या हाताखाली मी असायचे. मी. साबणाच्या पाण्याचं पितळी भांडं माझ्या हातात असायचं. आधी जागा स्पिरिटनं पुसायची, मग साबणाचं पाणी शिंपडायचं, मग स्टिकर त्यावर नुसता ठेवायचा. पाण्यामुळे तो सरकतो, हवा तिथे नेता येतो. मग जुन्या एक्स-रेच्या तुकड्यानं मधून कडेला पाणी आणि हवा ओढत न्यायची. हे ओढायचं काम बाबांनी मला शिकवलं होतं. माझ्या हाताला हळूहळू असा अंदाज आला होता की बाबा फक्त बघत उभे राहायचे. तेलाचा मात्र त्यांना धसका होता. तेलाचं बोट लागलं की गोंद धरत नाही, आज दिसायला नीट दिसेल आणि उद्या कोपरा उचलेल, असं म्हणायचे. माझ्या वेण्यांना आई चपचपीत तेल लावायची, तर काम सुरू करण्याआधी बाबा माझ्या दोन्ही वेण्या पाठीमागे नेऊन त्यांची गाठ मारायचे.

आई तेव्हा दारात उभी असायची. ताटात कुंकू, अक्षता, निरांजन. पण स्टिकर पुरा बसेपर्यंत कुंकू नाही, हा बाबांचा नियम. “झालं की बोलावतो,” म्हणायचे. ती आत जायची, पुऱ्या तळायची, पुन्हा बाहेर यायची. एकदाही तिला त्यांनी मधे येऊ दिलं नाही. मला ते फार आवडायचं. अख्ख्या आठवड्यातली तेवढी दुपार बाबा नुसते माझे असायचे.

आणि भाऊ? भाऊ मागच्या मैदानात गोट्या खेळायचा. जेवायला हाक मारली की धुळीनं माखून यायचा. साबणाचं भांडं त्याच्या हातात दिलं असतं तर त्यानं फुगे काढले असते.

तर हा “हो ना” म्हणाला. लबाडीनं म्हणाला असंही नाही. आई इतकी वर्षं त्याला हेच सांगत आली आहे, त्यामुळे आता त्यालाही ते खरं वाटायला लागलं असावं. आईनं गुपचूप माझं बालपण उचलून त्याच्या खात्यात टाकलं होतं आणि त्यानं ते ठेवून घेतलं होतं.

“आधी कुंकू काढ,” आई म्हणाली. “दोन्ही अंगाला स्वस्तिक. देवीच्या गडावरचं कुंकू दिलंय ना तुझ्याबरोबर?”

“आहे. पण आई, इथे पाणी गोठतं. वाटीतलं पाणी आत्ताच बघ, वर पापुद्रा धरलाय.”

“मग तेलात कालव.”

मी फोनच्या मागून म्हणाले, “आई, तेल नको. आणि आधी स्टिकर लावायचा असतो. बाबा कुंकू नेहमी शेवटी लावू द्यायचे.”

“तू गप बस जरा,” आई माझ्याकडे न बघता म्हणाली. “मी त्याच्याशी बोलतेय ना?”

त्यानं तेलात कुंकू कालवलं आणि कव्हरच्या दोन्ही बाजूंना स्वस्तिक काढलं. चांगलं ठसठशीत. मग स्टिकर हातात घेऊन विचारलं, “आता ह्याच्या खाली लावू की बाजूला?”

“वरच लाव,” आई म्हणाली. “बरोबर त्याच्या वर. म्हणजे कुंकू आत राहील. बर्फानं पुसायचं नाय. देवी आत, नंबर बाहेर.”

एखाद्या शहाण्या माणसानं इथे थांबायला हवं होतं. पण फोनवरच्या आईला नाही म्हणायचं नाही, हा त्याचा नेम आहे, कारण फोन ठेवला की तो मोकळा असतो. त्यानं मागचा कागद सोलला आणि तळहातानं थापून दिला. पाणी नाही, काही नाही. मला फोनच्या काचेतून बुडबुडे दिसत होते. डावीकडचा वाकडाही गेला होता. माझी बोटं शिवशिवत होती. आई भारावून बघत होती.

“हुबेहूब ह्यांचा हात,” ती म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन तिच्या मांडीवर ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि कणीक इतकी तिंबली की त्या दिवशीच्या पोळ्यांचं नवरोबांनी आपणहून कौतुक केलं.

पुढचे काही आठवडे आमच्या इमारतीत दुसरा विषय नव्हता. खाली बाकावर बसणाऱ्या सगळ्या बायकांना आईनं सांगितलं, की माझ्या पोरानं बर्फावरची गाडी घेतली, तिला चाकं नसतात, आणि तिचा नंबर कुठं लावायचा ते त्यानं मला विचारून लावला. भाजीवालीनं मला गवार मापता मापता विचारलं, “तुमचे भाऊ इमानाच्या कारखान्यात शिकले ना हे काम, वडलांकडं?” मी हो म्हणाले. भाजीवालीशी काय भांडायचं?

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत मी एका कंपनीत खरेदी विभागात आहे. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझ्या फोनवर भावाचा फोन. असा आडवेळी, म्हणजे त्याच्या मध्यरात्री, तो मला कधी करत नाही, त्यामुळे घाईनं उचलला.

“ताई, आई जवळ नाही ना? उजवीकडचा स्टिकर पडला,” तो म्हणाला. “माळावर कुठेतरी गेला, आता बर्फात काय सापडतोय. डावा पण अर्धा लोंबतोय. आणि नेमकं आज तपासणीवाल्यानं अडवलं. नंबर दिसत नाही म्हणाला. दंड नाही केला, पण बजावलं. नवीन येईपर्यंत गाडी काढायची नाही.”

“खाली काय दिसलं?” मी विचारलं.

“कुठे?”

“स्टिकर पडल्यावर, त्याच्या खाली.”

“कुंकू,” तो म्हणाला. “लालभडक, जसंच्या तसं. त्या माणसानं विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, माझी आई.” मग म्हणाला, “तिला सांगू नकोस हं. वाईट वाटेल तिला.”

मी म्हटलं, नाही सांगणार. आणि डबा तसाच ठेवून बाहेर येऊन उभी राहिले, कारण मला हसू आवरत नव्हतं. हे चांगलं नाही हे मला माहीत आहे. पण इतका आनंद मला माझ्या बढतीच्या दिवशीही झाला नव्हता. तेलानं घात केला होता. बाबांचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि ते मी सांगितलं होतं, मी, आणि मला गप बस म्हटलं होतं.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. शिंदे, पळसे ही गावं मागे पडेपर्यंत माझं भाषण तयार झालं होतं. अगदी शांतपणे बोलायचं, आवाज चढवायचा नाही, आणि शेवटी तिच्याकडून वदवून घ्यायचं, की बाबांच्या हाताखाली तू होतीस. बाकी मला काही नको होतं. तेवढं एक वाक्य तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

आई जेवणाच्या टेबलाशी बसून मेथी निवडत होती. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

“त्याचा स्टिकर पडला,” मी म्हणाले.

“कुणाचा?”

“तुझ्या लेकाचा. बर्फात पडला. त्याला वाटेत अडवलं, गाडी बंद ठेवायला सांगितली. तेलामुळे झालं. मी तेव्हाच सांगत होते.”

तिचे हात थांबले. “त्याला लागलं नाय ना?”

“आई, स्टिकर पडला. तो नाही पडला.”

“मग बरं हाय,” ती म्हणाली आणि पुन्हा पानं खुडायला लागली.

इथे माझं शांत भाषण बोंबललं. मी एकदम सगळंच बोलून गेले. की तो कधीच नसायचा बाबांच्या हाताखाली, तो गोट्या खेळायचा. की भांडं मी धरायचे, एक्स-रे मी ओढायचे, बाबा गाठ माझ्या वेण्यांना मारायचे. की तू हे सगळं त्याला देऊन टाकलंस आणि जगाला तेच सांगत फिरतेस, भाजीवालीपर्यंत. की माझ्याकडे बाबांचं तेवढं एकच आहे आणि तेही तुला माझ्याकडे राहू द्यायचं नाही. माझा आवाज चढला होता. शेवटी शेवटी मला रडू येत होतं, त्याचाही राग येत होता.

आईनं मला मधे अडवलं नाही. मी थांबल्यावर म्हणाली, “मला म्हाईत हाय की. तूच असायची.”

ह्याची मी तयारी केलेली नव्हती. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, विसरले म्हणेल, वयाचं कारण काढेल.

“मग त्याचं नाव का घेतेस?”

तिनं मेथीची एक काडी उचलली, पानं खुडली, काडी बाजूला ठेवली. मग बोलली ते मेथीकडे बघतच.

“रविवार आला की तू आणि हे, दोघं अंगणात. मी ताट घेऊन दारात. अजून नाय, अजून नाय, बोलावतो म्हणायचे. मी जवळ आले की म्हणायचे, तेलाचे हात घेऊन येऊ नको. कुणासाठी होतं गं ते तेल? तुमच्याच पुऱ्या तळत होते ना मी?” तिनं पुढची काडी उचलली. “तुझ्याशी किती बोलायचे हे. पाणी असं शिंपड, हात असा ठेव. हसायचे पण. माझ्याशी जन्मात एवढं बोलले नाय. मला तुझा लय हेवा वाटायचा. एवढीशी पोर तू, दोन वेण्यांची, आणि मी आई असून तुझ्यावर जळायचे. कुणाला सांगणार?”

मी खुर्चीवर बसले. पर्स अजून खांद्यालाच होती. आमच्या घरात हेवा करणारी मी एकटी आहे अशी माझी पक्की समजूत होती, आणि त्यात मला थोडा मानही वाटत असावा. आता तोही गेला. तिचा राग यावा असं मला फार वाटत होतं, पण दारातली ती ताट घेतलेली बाई मला दिसायला लागली होती. मी तिच्याकडे तेव्हा बघितलंही होतं. खुशीत बघितलं होतं.

“तुझं नाव घेतलं की ते समदं डोळ्यापुढं येतं,” आई म्हणाली. “त्याचं घेतलं की काय येत नाय. तो नव्हताच तिथं.”

निवडलेली मेथी तिनं चाळणीत भरली आणि चाळणी माझ्याकडे सरकवली.

“नवीन स्टिकर आले की तूच सांग त्याला, कसं लावायचं ते,” ती म्हणाली. “मला कुणी शिकवलं नाय.”